राजाने शांत बसायचं : एका कबरीत सापडलेला लाओत्से

(हा मागच्या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना जिथे अडखळलो तिथली वाक्यं सरळ केली आहेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आज सुरुवात एका कबरीपासून करू.

चीनच्या हूनान प्रांतात चांग्शा नावाचं शहर आहे. त्याच्या कडेला मावांगद्वी म्हणून जागा, तिथे घोड्याच्या खोगिरासारखी दिसणारी दोन टेकाडं होती. १९७२ मध्ये तिथे एका बाईची कबर उघडली. दोन हजार वर्षं होऊन गेली होती, पण त्या बाईंचे सांधे अजून वाकत होते. फोटो जगभर गेले. यूट्यूबवर ‘शिन झुई’ म्हणून शोधा, ढीगभर व्हिडिओ मिळतील. आपल्याला मात्र काम आहे तिच्या मुलाशी.

मुलाची कबर १९७३ च्या शेवटी उघडली. वय तिशीच्या आसपास, म्हणजे माझ्याहून थोडंच जास्त. पुरलं इ.स.पू. १६८ मध्ये, तारीख कबरीतच लाकडाच्या पट्टीवर लिहून ठेवलेली होती. बाप सरदार, त्यामुळे सामान भरपूर. त्यात रेशमी कापडावर लिहिलेली पुस्तकं. लाओत्सेच्या ग्रंथाच्या दोन प्रती. त्यातल्या एकीबरोबर त्याच कापडावर राज्यकारभार, कायदा आणि शिक्षा यांवरचे चार ग्रंथ. शिवाय एक रंगीत चित्र, त्यात व्यायाम करणारी ४४ माणसं: कोणी वाकलंय, कोणी हात पसरून उभं आहे, कोणी काठी घेऊन ताणतंय. बायका, पुरुष, म्हातारे, तरुण, सगळे. आणि लष्करी नकाशे.

लाओत्से, कायदा, योगासनांचा तक्ता, नकाशे. हे सगळं एकाच माणसाचं. मला आधी वाटलं, जे हाताला लागलं ते नोकरांनी कबरीत टाकलं असेल. नंतर वाचत गेलो तसं कळलं की त्या माणसाच्या दृष्टीने हा सगळा एकच विषय होता. आजचा एपिसोड त्यावर आहे.

आधी एक कबुली. माझी लाओत्सेशी पहिली ओळख वॉट्सअॅपवरच्या ‘गुड मॉर्निंग’ फोटोतून झाली. सूर्योदय, कमळ, आणि खाली ‘पाण्यासारखे व्हा’ छाप काहीतरी. नंतर हॉस्टेलवर एका सीनियरकडे ओशोंची प्रवचनं होती. सत्तरच्या दशकात ओशो मुंबईत आणि मग पुण्यात लाओत्सेवर खूप बोलले, ‘ताओ उपनिषद’ नावाने ती हिंदीत आहेत. तर माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं की लाओत्से म्हणजे डोंगरात जाऊन बसलेला, जगाचा कंटाळा आलेला म्हातारा. पुस्तक प्रत्यक्ष उघडलं तेव्हा दर दोन पानांवर राजा, कर, युद्ध, शिक्षा. हे पुस्तक संन्याशासाठी लिहिलेलंच नाही. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याच्या कानात सांगितल्यासारखं ते आहे.

प्रतींबद्दल थोडं बोलतो, कारण माझा पेशा आडवा येतो. मावांगद्वीच्या दोन प्रतींपैकी एकीत ‘देश’ या अर्थाचं एक अक्षर सर्रास येतं, दुसरीत ते सगळीकडे बदललंय. का? कारण ते अक्षर हान घराण्याचा पहिला सम्राट लिऊ बांग याच्या नावात होतं, आणि सम्राटाच्या नावाचं अक्षर लिहायची बंदी. म्हणजे पहिली प्रत त्याआधीची, दुसरी त्यानंतरची. कमिटची तारीख नसताना कोडमधल्या व्हेरिएबलच्या नावावरून व्हर्जन ओळखावं, तसं. पुढे १९९३ मध्ये हूपेई प्रांतात ग्वोद्यान इथे आणखी जुनी, सुमारे इ.स.पू. ३०० ची कबर सापडली. तिच्यात बांबूच्या पट्ट्यांवर लाओत्सेचा मजकूर निघाला, पण आजच्या ग्रंथाच्या दोन पंचमांश इतकाच. आणि गंमत म्हणजे आजच्या ग्रंथात कन्फ्यूशियसवाल्यांच्या लाडक्या मूल्यांना, माणुसकी आणि न्यायबुद्धीला, जिथे सरळ टोमणा आहे, तिथे या जुन्या प्रतीत वेगळेच शब्द आहेत. भांडण नंतर मिसळलं गेलं असावं. ‘ताओवादी’ हे लेबलही नंतरचं. इ.स.पू. दुसऱ्या शतकात दरबारातल्या सिमा थान नावाच्या विद्वानाने विचारांचे सहा गट पाडले, त्यातला हा एक. मंदिरं, पुजारी, मंत्रतंत्र असलेला ताओ धर्म तर आणखी पुढचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला.

आता त्या व्यायामाच्या चित्राकडे.

ग्वोद्यानच्याही थोडं आधी, इ.स.पू. चौथ्या शतकात, एक छोटा मजकूर तयार झाला: ‘नेइये’. नावाचा अर्थ साधारण ‘आतलं काम’. आज तो ‘गुआनझी’ नावाच्या जाडजूड ग्रंथात लपलेला आहे, आणि तो ग्रंथ मुख्यतः राज्यकारभाराचा आहे. नेइयेमध्ये काय आहे? सरळ बसा. हातपाय स्थिर ठेवा. श्वासाकडे लक्ष द्या. फार खाऊ नका, उपाशीही राहू नका. अति विचार करू नका, त्याने माणूस आतून सुकतो. मन झाडून-पुसून ठेवलं तर ‘शन’, म्हणजे चैतन्य म्हणा, आपोआप मुक्कामाला येतं. ओढून आणू गेलात तर येत नाही. चिनी शब्द ‘छी’ आपल्या ‘प्राण’ या शब्दाच्या जवळ जातो, पण अगदी तोच नाही. छी दगडातही आहे, धान्यातही आहे आणि आकाशातल्या ताऱ्यांतही.

इथपर्यंत हे कुठल्याही मेडिटेशन अॅपसारखं वाटतं. पण पुढची पायरी बघा. मन जागेवर असेल तर तोंडातून निघणारा शब्द जागेवर असतो. शब्द जागेवर असेल तर माणसांना दिलेलं काम जागेवर असतं. आणि मग सगळं राज्य ठिकाणावर येतं. श्वासापासून राज्यापर्यंत एकच सरळ रेघ. त्याच गुआनझीमधल्या दुसऱ्या एका मजकुरात तर उघडच म्हटलंय की शरीरात हृदय म्हणजे राजा, आणि डोळे, कान, नाक ही नऊ दारं म्हणजे अधिकारी. राजाच्या मनात वासना भरली की डोळ्यांसमोरचं दिसत नाही, कानावर पडलेलं ऐकू येत नाही. शिवाय सल्ला असा की राजाने घोड्याच्या वतीने धावू नये आणि पक्ष्याच्या वतीने उडू नये. ज्याचं काम त्याला करू द्यावं.

मला हे वाचताना एका जुन्या नोकरीतली रात्र आठवली. सर्व्हर पडला होता, चार जण लॉग बघत होते, आणि साहेब दर दोन मिनिटांनी कॉलवर येऊन विचारत होते, काय झालं, काय झालं. शेवटी एकाने त्यांना उत्तर द्यायचं काम घेतलं, म्हणजे लॉग बघणारे उरले तीन. असो.

या न-करण्याला चिनीत ‘वू-वेइ’ म्हणतात. लाओत्सेमध्ये मोठा देश चालवण्याची तुलना बारीक मासे शिजवण्याशी केली आहे. ज्यांच्या घरी मांदेली किंवा बोंबील होतात त्यांना वेगळं समजावायला नको. सारखे उलटत बसलात तर तव्यावर काटे आणि चुरा उरतो.

पण थांबा. मन रिकामं केलेला राजा चांगलाच असेल, हे कोणी सांगितलं? त्याच लाओत्सेमध्ये प्रजेची पोटं भरावीत आणि डोकी रिकामी ठेवावीत अशा अर्थाचा मजकूर आहे. भाष्यकार त्याला कितीही मऊ करोत, तो आहे. आणि या ग्रंथावरचं सगळ्यात जुनं जे भाष्य आपल्या हाती आहे ते कोणा साधूचं नाही, हान फेइ याचं आहे, जो इ.स.पू. २३३ मध्ये मेला. हा कठोर कायद्याचा माणूस. त्याने वू-वेइमधून काय उचललं? राजाने आपली आवड-नावड चेहऱ्यावर दिसू देऊ नये, म्हणजे दरबारी त्यानुसार मुखवटे घालणार नाहीत. स्वतः गप्प बसावं, अधिकाऱ्याला बोलू द्यावं, मग त्याचं बोलणं आणि काम ताडून शिक्षा किंवा बक्षीस द्यावं. शांत मन तेच, श्वासही तोच, पण खोलीच्या कोपऱ्यात बसवलेल्या सीसीटीव्हीसारखा. सिमा थानचा मुलगा, थोर इतिहासकार सिमा च्येन, त्याने लाओत्से आणि हान फेइ यांची चरित्रं एकाच प्रकरणात ठेवली. मला आधी ती चूक वाटली होती.

मग हे प्रत्यक्षात कोणी वापरून पाहिलं का? हो. आणि ज्याने पाहिलं तो माझा या गोष्टीतला आवडता माणूस आहे.

त्याचं नाव त्साओ शेन. मूळचा फेइ गावातला तुरुंगाचा कारकून. छिन घराण्याने इ.स.पू. २२१ मध्ये सगळा चीन एक केला, आणि जेमतेम पंधरा वर्षांत ते कोसळलं. कडक कायदे, वेठबिगार, भिंती, रस्ते, महाल, सगळं एकाच वेळी चालू होतं. त्यातून जी बंडं झाली त्यात हा कारकून सेनापती झाला. अंगावर सत्तर जखमा होत्या म्हणे. हान घराणं गादीवर आलं तेव्हा देशाची अवस्था अशी की सम्राटाच्या रथाला एका रंगाचे चार घोडे मिळेनात, आणि सेनापती, मंत्री बैलगाडीतून फिरत.

त्साओ शेनला छी प्रांतात महामंत्री म्हणून पाठवलं. सत्तर शहरांचा प्रांत. त्याने शेकडो विद्वान बोलावले, लोकांना कसं सावरू विचारलं. प्रत्येकाचं वेगळं उत्तर. मग कोणीतरी गाइ नावाच्या एका बुजुर्गांचं नाव सांगितलं, ते हुआंग-लाओ विचाराचे जाणकार. हुआंग म्हणजे पौराणिक पीत सम्राट, लाओ म्हणजे आपला लाओत्से. आपल्या कबरीतला मजकूर याच घराण्यातला, एका कापडावर लाओत्से आणि कारभार. गाइंचं म्हणणं थोडक्यात असं, की वरचा माणूस स्थिर आणि स्वच्छ राहिला तर लोक आपली घडी आपण बसवतात. त्साओ शेनने स्वतःचा मुख्य दिवाणखाना त्यांना राहायला दिला. नऊ वर्षं छीचा कारभार त्या सल्ल्याने चालला आणि प्रांत सावरला.

इ.स.पू. १९३ मध्ये त्याला राजधानीत सगळ्या साम्राज्याचा महामंत्री केलं. निघताना त्याने नव्या माणसाला एकच गोष्ट सांगितली: तुरुंग आणि बाजार यांना हात लावू नकोस. समोरच्याला आश्चर्य वाटलं, कारभारात यापेक्षा मोठं काही नाही का? त्साओ शेनचं उत्तर असं की या दोन जागांत बरं-वाईट सगळं सामावतं. त्या ढवळल्यास तर वाईट माणसं जातील कुठे? हे तत्त्वज्ञान म्हणून वाचलं तर गूढ वाटतं. तुरुंगाचा माजी कारकून बोलतोय हे लक्षात ठेवून वाचलं की अजिबात गूढ वाटत नाही.

राजधानीत त्याने आधीच्या महामंत्र्याचा एकही नियम बदलला नाही. माणसं निवडताना बोलण्यात अडखळणारे, वयस्क, सरळ असे निवडले. कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवून नाव कमवू पाहणाऱ्यांना घरी पाठवलं. आणि स्वतः दिवसरात्र दारू प्यायला लागला. समजवायला कोणी आलं की त्याच्या हातात पेला. बोलायला तोंड उघडलं की अजून एक पेला. बागेमागच्या घरातले कारकून पिऊन गात असत. कोणीतरी मुद्दाम त्याला तिकडे नेलं, आता तरी शिक्षा करेल म्हणून. हा तिथेच बसला आणि त्यांच्या सुरात सूर मिळवू लागला.

तरुण सम्राट वैतागला. त्याने त्साओ शेनच्या मुलाकडूनच घरी विषय काढवला. बापाने मुलाला दोनशे फटके मारले आणि सांगितलं, राज्याच्या गोष्टीत बोलायचं तुझं काम नाही. (माशाला न ढवळणारा माणूस घरात असा. ताओची शांती उंबऱ्यापर्यंतच होती बहुतेक.) दुसऱ्या दिवशी सम्राट म्हणाला, ते मीच विचारायला लावलं होतं. तेव्हा त्साओ शेनने टोपी काढून माफी मागितली आणि उलट विचारलं: तुम्ही थोर की तुमचे वडील? सम्राट म्हणाला, वडील. मी बरा की आधीचा महामंत्री? सम्राट म्हणाला, तो. मग त्या दोघांनी नीट घालून दिलेलं आपण दोघांनी मोडायचं कशाला, एवढंच त्याचं म्हणणं. सम्राटाची आई, लू राणी, त्या काळात दरबारात कोणाला कधी संपवेल याचा नेम नव्हता, त्यामुळे पिऊन निरुपद्रवी दिसणं हे तब्येतीलाही चांगलं होतं, असं मला वाटतं. सिमा च्येन तसं म्हणत नाही. तीन वर्षांनी त्साओ शेन वारला.

यानंतर खरा प्रयोग लांबला तो वेन सम्राटाच्या काळात, इ.स.पू. १८० पासून. जमिनीचा कर उत्पन्नाच्या पंधराव्या भागावरून तिसाव्यावर आला. नाक-पाय कापण्यासारख्या शिक्षा इ.स.पू. १६७ मध्ये बंद झाल्या. सम्राटाला एक उंच गच्ची बांधायची होती; खर्च दहा मध्यम कुटुंबांच्या मालमत्तेएवढा येतोय कळल्यावर त्याने बेत सोडला. हान घराणं गादीवर येऊन सत्तरेक वर्षं झाली तेव्हा सरकारी कोठारात धान्य उतू जाऊन कुजत होतं आणि नाण्यांच्या माळांच्या दोऱ्या सडून तुटत होत्या, असं वर्णन आहे.

पण त्याच वर्णनात पुढे आहे की कायदा सैल होता तिथे गावोगावचे धनदांडगे जमिनी गिळून लोकांवर दांडगाई करत होते. मासे ढवळायचे नाहीत हे ठीक, पण तव्यात मोठे मासेही असतात. इ.स.पू. १७५ मध्ये खासगी लोकांना नाणी पाडायची मुभा मिळाली. वू राज्याच्या राजाकडे तांब्याचे डोंगर आणि समुद्राचं मीठ. त्याने इतका पैसा केला की प्रजेकडून कर घ्यायची गरज उरली नाही. इ.स.पू. १५४ मध्ये त्याच्या पुढाकाराने सात राज्यांनी बंड केलं. साधारण तीन महिन्यांत ते मोडलं, पण माणसं मेली ती मेलीच.

शांततेच्या या मताला दरबारात आधार होता दोऊ राणीचा, वेन सम्राटाच्या विधवेचा. तिने लाओत्से स्वतः वाचला, घरच्यांना वाचायला लावला. एकदा य्वान गू नावाच्या कन्फ्यूशियसवादी पंडिताला तिने ग्रंथाबद्दल मत विचारलं. तो म्हणाला, ही घरगड्यांची भाषा. तिने त्या म्हाताऱ्याला रानडुकराच्या आवारात उतरवलं. मुलगा, जिंग सम्राट, बिचारा मध्ये अडकलेला. त्याने पंडिताला एक धारदार सुरा पोचवला. एका वारात डुक्कर पडलं. राणीला पुढे काही बोलता आलं नाही. पोटात शांती बाळगा सांगणाऱ्या पुस्तकासाठी माणसाला डुकरापुढे टाकणं, यावर मी वेगळं काय बोलू.

इ.स.पू. १३५ मध्ये राणी गेली आणि तिचा नातू वू सम्राट मोकळा झाला. मोहिमा, सरहद्दी, मीठ-लोखंडाची सरकारी मक्तेदारी, सगळं सुरू. त्याआधी चारच वर्षं, त्याचे एक चुलते लिऊ आन यांनी त्याला एक ग्रंथ भेट दिला होता, ‘हुआइनानझी’, एकवीस प्रकरणांचा. त्यात न-करण्याचा गैरसमज सरळ खोडून काढलाय: हात बांधून बसणं म्हणजे वू-वेइ नाही. पाणी उतारावरून पूर्वेकडे वाहतं हे खरं, पण पाट काढायला माणूस लागतो. पिकं आपोआप उगवतात, तरी नांगरावं लागतं. न करायचं ते एवढंच, की पाणी डोंगरावर चढवायचं नाही. चांगलं पुस्तक आहे. इ.स.पू. १२२ मध्ये लिऊ आनवर बंडाचा आरोप आला आणि त्याने जीव दिला.

आता परत आपल्या कबरीकडे, त्या नकाशांकडे जातो.

चांग्शाच्या दक्षिणेला नान्युए नावाचं राज्य होतं. लू राणीने त्यांना लोखंडी अवजारं विकायला बंदी केली. तिथल्या राजाने, चाओ थुओने, चिडून स्वतःला सम्राट म्हणवलं आणि चांग्शाच्या सीमेवर हल्ले केले. राणीने फौज पाठवली. ती दमट हवेत आजारी पडली, डोंगर ओलांडू शकली नाही. मग वेन सम्राट आला. त्याने काय केलं, तर चाओ थुओच्या उत्तरेतल्या पूर्वजांच्या कबरींना राखणदार नेमले, त्याच्या भावंडांना पदं दिली, आणि एका वयस्क वकिलाला नम्र पत्र देऊन पाठवलं. चाओ थुओने सम्राट ही पदवी सोडली. एक बाण न सोडता. नेइयेचा श्वास राज्यापर्यंत पोचलेला बघायचा असेल तर हे उदाहरण घ्या.

आपला तिशीतला माणूस याच सीमेशी संबंधित असावा, कारण त्याच्या कबरीतला लष्करी नकाशा तिथलाच आहे. चौक्या काळ्या-लाल रंगात, नद्या, डोंगर, आणि गावं. गावांच्या नावाशेजारी किती कुटुंबं ते लिहिलंय. लाओत्सेच्या ग्रंथात शेवटाकडे एक चित्र आहे, लहानशा देशाचं, जिथे पलीकडच्या गावातला कोंबडा ऐकू येतो आणि तरी कोणाला घर सोडून जावंसं वाटत नाही. रेशमावर ते चित्र आणि रेशमावरच हा नकाशा, एकाच कबरीत. नकाशावर काही गावांच्या नावाशेजारी कुटुंबांचा आकडा आहे आणि त्यापुढे शेरा आहे: आता कोणी नाही.